गिनीपिगची पाठ आणि मागावरच्या माणसाची कंबर

गिनीपिगच्या पाठीवरचे गजकर्ण औषधाविना बरे होते. हे वाक्य मी पुस्तकात अनेकदा वाचले होते, पण ते खऱ्या अर्थाने समजले ते संशोधक विद्यार्थिनी असताना, सोलापुरातल्या एका प्राणीगृहात, ऐन मे महिन्यात. भिंतीलगत सहा पिंजऱ्यांची एक रांग होती आणि तिला आम्ही नियंत्रण गट म्हणत असू. या सहा प्राण्यांना संसर्ग दिलेला होता आणि औषध मात्र काहीच द्यायचे नव्हते. रोज सकाळी त्यांना लसूणघास घालायचा (माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे हिरवा चारा चुकवून चालत नाही), एकेकाला हातात घेऊन पाठ पाहायची आणि वहीत लाली किती, खपली किती, केस किती गळले याचे शून्य ते चार असे गुण लिहायचे, हे माझे काम होते.

संसर्ग देण्याची पद्धत साधी आहे. पाठीवरचा दोन-अडीच सेंटिमीटरचा चौकोन आधी कात्रीने आणि मग वस्तऱ्याने मोकळा करायचा, बारीक पॉलिश पेपर त्यावर हलक्या हाताने फिरवायचा आणि ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटीस या बुरशीचे सुमारे १ कोटी बीजाणू असलेला थेंब तिथे चोळून जिरवायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कातडी लाल होते. आठव्या-दहाव्या दिवशी तिच्यावर पिवळसर राखाडी खपली धरते, कातडी जाड होते, आणि चौकोनाच्या कडेचा केस चिमट्याने नुसता धरला तरी मुळापासून हातात येतो. असे दहा केस उपटून बुरशी वाढवण्याच्या, साबुरोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर मांडायचे आणि त्यांतल्या किती केसांभोवती पांढरी बुरशी उगवते ते मोजायचे. दहापैकी दहा केसांना बुरशी आली, म्हणजे संसर्ग पुरता लागला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात खपलीच्या कडा उचलल्या जातात, तिच्याखाली गुलाबी, गुळगुळीत कातडी दिसते, आणि महिनाभरात तिथे नवे, आखूड, मऊ केस उभे राहतात. पस्तिसाव्या दिवशी कोणी मला डोळे बांधून त्या खोलीत नेले असते आणि औषध दिलेला गट कोणता, न दिलेला कोणता असे विचारले असते, तर मला सांगता आले नसते. औषधाचा गुण दाखवायचा असेल तर तो मधल्या दोन आठवड्यांतच दाखवावा लागतो. पुढे सगळेच प्राणी आपापल्या बळावर बरे होतात.

आता दुसरे चित्र. गेली काही वर्षे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि त्वचेच्या खरवडीचे नमुने तपासण्याचेही काम करते. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या मागावर काम करणारी एक बाई मध्यंतरी नमुना द्यायला आली होती. तिला मी अक्का म्हणते, कारण सोलापूरच्या पूर्व भागात सगळे तसेच म्हणतात. परकराच्या नाडीची जागा धरून कंबरेभोवती जवळजवळ पूर्ण फिरलेला पट्टा होता. त्याची बाहेरची कड उंचावलेली, लालसर आणि बारीक पुटकुळ्यांची होती, तर आतली कातडी काळवंडलेली आणि पातळ झालेली होती. असे पट्टे एकात एक तीन होते. "मॅडम, तीन वर्षं झाली," ती म्हणाली, "मलम लावलं की जातं, सोडलं की दुप्पट येतं." घरात पाच माणसे आणि टॉवेल दोन. जे शहर देशभर टॉवेल पाठवते, त्या शहरातल्या मागावर काम करणाऱ्या घराची ही स्थिती आहे आणि ती लिहिताना मला वाईट वाटते. मी स्लाइडवर खरवड घेतली, कातडीच्या पेशी विरघळवून बुरशी उघडी करणाऱ्या कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला, आणि दहा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर पेशींच्या आरपार जाणाऱ्या, गाठी-गाठींच्या फांद्यांसारख्या बुरशीच्या तंतूंचे जाळे नजर जाईल तिथवर पसरलेले होते.

एकाला आम्ही गजकर्ण म्हणतो आणि दुसऱ्यालाही गजकर्णच म्हणतो. गिनीपिगचे गजकर्ण पस्तीस दिवसांत संपते आणि अक्काचे तीन वर्षे चालते. या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते मला गेली कित्येक वर्षे अस्वस्थ करत आले आहे, आणि आज त्याविषयीच लिहायचे आहे.

आधी गिनीपिगचे ऋण मान्य केले पाहिजे, कारण ते मोठे आहे. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी १८४१ मध्ये डोक्यावरच्या चाईसारख्या रोगाचे कारण बुरशी आहे हे दाखवले, आणि त्याच सुमारास रॉबर्ट रेमाक यांनी ती बुरशी स्वतःच्या हातावर लावून घेऊन रोग उठवून पाहिला. पुढे १९०८ मध्ये बाझलच्या ब्रूनो ब्लॉख यांनी गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, एकदा गजकर्ण होऊन बऱ्या झालेल्या प्राण्याला पुन्हा तोच संसर्ग दिला तर दुसऱ्या वेळी लाली लवकर उठते आणि रोग लवकर आटोपतो. कातडीच्या मेलेल्या वरच्या थरात राहणाऱ्या, रक्तापर्यंत न जाणाऱ्या बुरशीचीही शरीर आठवण ठेवते, हे त्या काळी नवे होते. आज आपण ज्याला पेशींमार्फत येणारी प्रतिकारशक्ती म्हणतो, तिच्या अभ्यासाची एक वाट या प्रयोगांतून निघाली.

खरे मोठे वळण १९५८ चे. ग्रिझिओफुल्विन हे द्रव्य एका पेनिसिलियम बुरशीतून १९३९ मध्येच वेगळे काढलेले होते, पण माणसाच्या रोगावर त्याचा उपयोग कोणी केलेला नव्हता. ग्लासगोच्या जेम्स जेंटल्स यांनी गजकर्ण झालेल्या गिनीपिगांना ते तोंडावाटे दिले आणि ते प्राणी बरे झाले. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. तोवर गजकर्णावरचे उपचार बाहेरून लावण्याचे होते आणि डोक्यातल्या गजकर्णावर तर क्ष-किरणांनी मुलांचे सगळे केस घालवण्याची पद्धत होती. या पद्धतीने उपचार केलेल्या मुलांमध्ये डोक्याच्या आणि मानेच्या ट्यूमरचे प्रमाण वाढलेले आहे, हे पुढे इस्राएलमधल्या अभ्यासांतून दिसून आले. पोटात घेतलेले औषध केसापर्यंत आणि कातडीच्या मेलेल्या थरापर्यंत पोहोचू शकेल का, हाच त्या वेळचा प्रश्न होता, आणि गिनीपिगने त्याचे स्वच्छ उत्तर दिले. पुढच्याच वर्षी जेंटल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध दिलेल्या प्राण्यांच्या केसांतच ते औषध सापडल्याचे दाखवले. केस, नख आणि कातडीचा वरचा थर ज्या प्रथिनाचा बनतो, त्या नव्याने तयार होणाऱ्या केरॅटिनमध्ये ग्रिझिओफुल्विन भरले जाते, त्यामुळे केस मुळाकडून निरोगी वाढत वर येतो आणि बुरशी लागलेले जुने टोक हळूहळू बाहेर ढकलले जाते. औषध आठवडेच्या आठवडे का घ्यावे लागते, नखाला महिनेच्या महिने का लागतात, याचा सगळा उलगडा त्या केसात होता. माणसांवर हे औषध त्याच वर्षी, १९५८ मध्ये, वापरले जाऊ लागले. पुढे व्हिएन्नामध्ये निघालेले नॅफ्टिफिन आणि त्यापासून घडवलेले टर्बिनाफिन ही औषधेही गिनीपिगच्या पाठीवरून पारखूनच माणसाकडे आली.

म्हणून 'प्राण्यांवरचे प्रयोग निरुपयोगी' असे कोणी म्हणाले की मला ते पटत नाही. ज्या प्रश्नासाठी तो प्राणी निवडला होता, त्या प्रश्नाचे उत्तर त्याने चोख दिले. घोटाळा पुढे झाला. प्रश्न बदलला आणि प्राणी तोच राहिला.

गिनीपिगवर सहज लागणारी बुरशी ही बहुतेक वेळा मुळात प्राण्यांमध्येच वावरणारी असते. अशी बुरशी शरीराला चटकन परकी वाटते, तिच्याविरुद्ध जोराचा दाह उठतो आणि त्या दाहातच ती संपते. याउलट ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी माणसातच राहून माणसाच्या कातडीशी जुळवून घेत आलेली आहे. तिच्या पेशीभित्तिकेतले मॅनन नावाचे द्रव्य आपल्या लिंफोसाइट या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची वाढ दाबून धरते, त्यामुळे दाह सौम्य राहतो आणि बुरशी वर्षानुवर्षे मुक्काम करते. ही बुरशी गिनीपिगच्या पाठीवर लावली तर ती नीट लागतच नाही, आणि लागली तरी टिकत नाही. म्हणजे जो रोग माणसाला सर्वाधिक काळ छळतो, नेमका तोच या प्राण्यात उतरत नाही. मग सोयीची बुरशी घ्यायची, तिने उठवलेला जोरदार पण अल्पजीवी रोग मोजायचा आणि निष्कर्ष मात्र चिवट रोगाविषयी काढायचा, असे वर्षानुवर्षे होत आले.

दुसरे अंतर केसांचे आहे. गिनीपिगच्या दाट केसाळ पाठीवर बुरशी केसांच्या मुळांत शिरते, तर अक्काच्या कंबरेवर ती मुख्यतः कातडीच्या सर्वांत वरच्या थरात पसरते. तिसरे अंतर घामाचे, आणि सोलापूरकराला ते वेगळे समजावून सांगायला नको. गिनीपिगला किंवा उंदराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी त्यांच्या तळपायांपुरत्याच असतात. मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये, पंख्याने सूत उडते म्हणून पंखा बंद ठेवून बारा तास मागावर उभे राहणाऱ्या माणसाची ओली कंबर कोणत्याही पिंजऱ्यात तयार करता येत नाही.

आणि चौथे अंतर आपण स्वतःच तयार केले आहे. अक्काने जे मलम तीन वर्षे लावले, त्याची ट्यूब तिने पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली. त्यात क्लोबेटॅसॉल नावाचे अत्यंत तीव्र स्टिरॉइड, एक जंतुनाशक आणि एक बुरशीनाशक असे तिन्ही एकत्र होते. स्टिरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत बसते, कारण शरीराचा दाहच ते दाबून टाकते. गिनीपिगला जो दाह वाचवतो, तोच इथे मलमाने शमवला जातो, आणि त्या शांततेत बुरशी पसरत राहते. कातडी पातळ होते, पट्टे पडतात, आणि कडेच्या आत नवी कड उमटते. अक्काच्या कंबरेवरच्या एकात एक तीन पट्ट्यांचे मूळ तेच. तिला ही ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळाली होती. बाहेरून लावण्याच्या स्टिरॉइडांना चिठ्ठीशिवाय विकण्यास मज्जाव करणारी सुधारणा केंद्र सरकारने २०१८ मध्ये केली खरी, पण त्यानंतरही ट्यूब हातोहात मिळते हे नमुने घेताना मला वारंवार दिसते.

याच्या जोडीला आता बुरशीही बदलली आहे. गेल्या दशकात भारतभर चिवट गजकर्णाचे जे रुग्ण वाढले, त्यांच्यातल्या मोठ्या संख्येच्या मुळाशी असलेल्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. हे नाव जपानमधल्या संशोधकांनी तिथे राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाकडून मिळालेल्या नमुन्यांवरून दिले. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या स्क्वॅलीन इपॉक्सिडेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) जाऊन चिकटते, त्या विकराच्या जनुकात या बुरशीच्या अनेक नमुन्यांमध्ये बदल झालेला आढळतो. बहुतेकदा त्यातला एकच अमिनो आम्लाचा मणी बदललेला असतो आणि औषध निसटते. नावात देशाचे नाव असल्याचे अनेकांना खटकते, मलाही ते आवडलेले नाही, परंतु नावावर चिडण्यापेक्षा आपल्या औषधांच्या ट्यूबांकडे पाहणे अधिक गरजेचे आहे असे मला वाटते.

तर मग असा प्राणी हवा, ज्यात रोग रेंगाळेल. या दिशेने झालेल्या प्रयत्नांमध्ये मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो तो जपानमधला, १९८७ चा. फुजिता आणि मात्सुयामा यांनी पाठीऐवजी गिनीपिगचा तळपाय निवडला. तिथे केस नाहीत, कातडी जाड आहे आणि घामाच्या ग्रंथीही आहेत. त्यांनी कातडी खरवडली नाही. बीजाणूंनी भिजवलेली कागदाची चकती तळपायावर बांधून ठेवली आणि ओल राखली. हा संसर्ग सौम्य राहिला, पण पाठीवरच्यासारखा महिनाभरात संपला नाही, तो कितीतरी अधिक काळ टिकला. प्राणी तोच, बुरशी त्याच जातीची, आणि बदलली ती फक्त जागा. प्रश्न बदलल्यावर जागा बदलावी लागते हे ज्यांना सुचले, त्यांनी त्या प्राण्याकडे नीट पाहिले होते.

काही संशोधक प्राण्याला आधी स्टिरॉइड देऊन त्याची प्रतिकारशक्ती दाबतात आणि मग संसर्ग देतात. पूर्वी मला हे कृत्रिम वाटे. अक्काची ट्यूब पाहिल्यापासून तसे वाटत नाही, कारण आपल्या इथल्या रुग्णाच्या अवस्थेशी सर्वांत जुळणारा प्रयोग कदाचित हाच असेल. फक्त स्टिरॉइड तोंडावाटे किंवा टोचून न देता, मलमानेच आणि संसर्ग लागल्यानंतर द्यायला हवे.

उंदराविषयी थोडक्यात. उंदीर या बुरशीला फारशी दाद देत नाही आणि त्याच्यातला संसर्ग लवकर ओसरतो, पण त्याची एकेक जनुके बंद करून पाहता येतात, हा त्याचा मोठा गुण. २०१३ मध्ये अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्कोतल्या काही कुटुंबांमध्ये गजकर्णाची बुरशी कातडीखाली उतरून लसिका गाठींपर्यंत, क्वचित जीवावर बेतेपर्यंत गेल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांच्यात बुरशीविरुद्धच्या प्रतिकाराला लागणाऱ्या कार्ड-९ नावाच्या जनुकाचे दोन्ही संच बिघडलेले होते. इथे आधी माणसांनी वाट दाखवली, आणि त्या जनुकाचे काम टप्प्याटप्प्याने समजून घ्यायला उंदीर उपयोगी पडले. मला हा क्रम फार योग्य वाटतो.

ज्या प्राण्याकडे आपण प्रयोगशाळेत बसून पाहत नाही, तो मात्र आपल्या जिल्ह्यात रोज समोर असतो. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात एका पशुवैद्यक स्नेह्याबरोबर मी हिंडले होते. एका खिलार कालवडीच्या डोळ्यांभोवती आणि कानामागे रुपयाएवढे, सिमेंट वाळल्यासारखे राखाडी, जाड थर होते. ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या बुरशीचे हे नैसर्गिक गजकर्ण. मालक म्हणाला, "पावसाळ्यात येतंय, उन्हाळ्यात आपसूक जातंय." त्याचे निरीक्षण बरोबर होते. दावणीला दाटीने बांधलेल्या वासरांत हा रोग ओलसर दिवसांत फैलावतो आणि काही महिन्यांनी ओसरतो, आणि एकदा बरे झालेले जनावर सहसा पुन्हा आजारी पडत नाही. याच गोष्टीचा आधार घेऊन सोव्हिएत संघात १९७० च्या दशकात गुरांसाठी जिवंत बुरशीची लस वापरात आली आणि नॉर्वेमध्ये अशाच लसीकरणाने गुरांमधले गजकर्ण जवळजवळ हटवले गेले. माणसासाठी अशी लस आजही नाही. कातडीवरच्या बुरशीविरुद्ध लस यशस्वी होते, हे ज्या प्राण्याने दाखवले तो आमच्या बाजारात दर रविवारी उभा असतो, आणि तरीही आमचे बहुतेक विद्यार्थी गिनीपिगच्या पाठीपलीकडे जात नाहीत, याची मला खंत आहे. (जाता जाता सांगते: त्या कालवडीला हात लावल्यानंतर स्नेह्यांनी मला लगेच साबणाने हात धुवायला लावले. ही बुरशी गोठ्यातल्या माणसाला लागते, आणि लागली की चांगलीच सुजते.)

इथे एक कटू प्रकरण सांगणे भाग आहे, कारण प्राणी नको म्हणताना त्याची जागा कोण घेतो, हे पाहिलेच पाहिजे. अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९५० च्या आसपास बौद्धिक अक्षमता असलेल्या, संस्थेत ठेवलेल्या मुलांच्या डोक्यावर गजकर्णाची बुरशी लावून रोग कसा वाढतो याचा अभ्यास केला. बुरशी फक्त वाढत्या केसातच शिरते आणि केसाच्या मुळाशी एका ठरावीक पातळीवर थांबते, या विषयीचे बारकावे अशा अभ्यासातून आलेले आहेत. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात पायाच्या गजकर्णाची साथ आली म्हणून त्यांना बोलावले गेले, आणि तिथे त्यांनी सुरू केलेले कैद्यांवरचे प्रयोग १९७४ पर्यंत चालले. ते ज्ञान आज आपण सगळेच वापरतो. पण ज्या मुलांना नाही म्हणता येत नव्हते आणि ज्या कैद्यांच्या होकाराला काही अर्थ नव्हता, त्यांच्या कातडीवरून ते आले, हे वर्गात सांगितल्याशिवाय मी तो धडा पुढे नेत नाही.

म्हणूनच प्राण्यांच्या बाबतीत नियम कडक असावेत असे मला मनापासून वाटते, कारण नाही म्हणता न येणे ही अवस्था त्यांचीही आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे, १९९८ चे नियम आहेत, आणि प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असते. किती प्राणी, का, दुसरा उपाय का नाही, वेदना कशी टाळणार, हे सगळे तिला लेखी द्यावे लागते. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत सुधारणा होऊन प्राण्यांविना केलेल्या चाचण्यांनाही औषधाच्या तपासणीत स्थान मिळाले. माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवून तयार केलेला कृत्रिम बाह्यथर किंवा शस्त्रक्रियेत काढून टाकलेली कातडी संमतीने घेऊन माध्यमावर काही दिवस जिवंत ठेवणे, हे पर्याय गजकर्णासाठी खास उपयोगी आहेत, कारण ट्रायकोफायटॉन रुब्रम तिथे मनासारखी वाढते. तिला हवी असते ती माणसाचीच कातडी. अर्थात त्या कातडीत रक्त नसते, नव्या पेशी तिथे धावून येत नाहीत, त्यामुळे प्रतिकारशक्तीविषयीचे अर्धे उत्तर बाहेरच राहते. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणाऱ्या मेणकिड्याच्या अळीवरही या बुरशी तपासल्या जातात. स्वस्त, लवकर होणारी आणि औषधांची पहिली चाळणी लावायला चांगली अशी ही पद्धत आहे, पण त्या अळीला ना आपल्यासारखी कातडी, ना आठवण ठेवणारी प्रतिकारशक्ती.

गेल्या पावसाळ्यात औषधनिर्माणशास्त्राची एक विद्यार्थिनी प्रस्ताव घेऊन आली. टाकळ्याच्या पाल्याचा अर्क गजकर्णावर तपासायचा होता. टाकळा आमच्याकडे पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला माजतो आणि त्याचा पाला वाटून गजकर्णावर लावण्याची रीत जुनी आहे, तिच्या आजीनेच तिला ती सांगितली होती. प्रस्तावात सहा-सहाचे सहा गट, म्हणजे छत्तीस गिनीपिग मागितले होते, आणि बुरशी घेतली होती ती एका संग्रहातून आणलेली, टर्बिनाफिनला सहज मरणारी. मी तिला नियंत्रण गटाची माझी जुनी वही दाखवली, पस्तिसाव्या दिवसाचे पान उघडून दिले आणि विचारले की, तुझा अर्क लावलेला आणि न लावलेला प्राणी या पानावर मला वेगळा दाखव. ती बराच वेळ त्या शून्यांकडे पाहत होती. मग मी तिला अक्काच्या नमुन्यातून वाढवलेली बुरशी दिली, तिच्यासारख्याच आणखी अकरा सोलापुरी रुग्णांची दिली, आणि सांगितले की आधी या बारांवर ताटलीत अर्क लाव.

तिने दीड महिना ते काम केले. पाण्यातला अर्क, अल्कोहोलमधला अर्क, ताज्या पाल्याचा, सावलीत वाळवलेल्या पाल्याचा, सगळे करून झाले. तिने घेतलेल्या प्रमाणात बारापैकी एकाही बुरशीची वाढ थांबली नाही. शेवटच्या ताटल्या तिने खिडकीतल्या उजेडात धरून एकेक करून मला दाखवल्या. प्रत्येकीत कडेपासून कडेपर्यंत पांढरा, पिठूळ थर पसरलेला होता. ती हिरमुसली होती, आणि त्यात गैर काही नव्हते. आता ती त्याच बारा नमुन्यांतल्या स्क्वॅलीन इपॉक्सिडेज जनुकाचे वाचन करते आहे. छत्तीस गिनीपिगांची मागणी आम्ही समितीकडे पाठवलीच नाही.